डबल-क्लिकमागची नोंद

संगणकावरची फाइल म्हणजे एकापुढे एक मांडलेले बाइट. ते पत्र आहे, फोटो आहे की हिशोबाचा तक्ता, हे त्या बाइटना माहीत नसते. ते कोणत्या प्रोग्रामने उघडायचे हे तर नसतेच. ही माहिती दुसरीकडे कुठेतरी नोंदलेली असते. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटचेही तसेच. तो म्हणजे मूळ प्रोग्राम डिस्कवर कुठे आहे हे लिहिलेली एक छोटी स्वतंत्र फाइल. वस्तू एकीकडे आणि तिची नोंद दुसरीकडे असल्यामुळे दोन्ही धडधाकट असूनही त्यांचा मेळ सुटू शकतो. आयकॉन कोरा पांढरा दिसतो, फाइल भलत्याच प्रोग्राममध्ये उघडते, शॉर्टकट दाबल्यावर काहीच होत नाही. ही नोंद ठेवायची कुठे, या प्रश्नाची गेल्या साठ वर्षांत निरनिराळी उत्तरे निघाली आणि प्रत्येक उत्तराबरोबर बिघाडाचा नवा प्रकार आणि दुरुस्तीची नवी रीत आली.

सर्वांत जुनी जागा म्हणजे फाइलच्या नावाची शेपटी. अमेरिकेतील एमआयटीमध्ये १९६१ पासून चाललेल्या सीटीएसएस या प्रणालीत प्रत्येक फाइलला दोन नावे असत, आणि दुसऱ्या नावावरून ती कोणत्या प्रकारची आहे हे कळे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पीडीपी-१० या यंत्रावर नाव सहा अक्षरांचे आणि शेपटी, म्हणजे एक्स्टेन्शन, तीन अक्षरांचे ठरले. याला कारण यंत्राची रचना होती. त्याचा एक ‘शब्द’, म्हणजे यंत्र एका वेळी हाताळते तो तुकडा, ३६ बिटांचा आणि अक्षर सहा बिटांचे, त्यामुळे सहा अक्षरे एका शब्दात आणि तीन अक्षरे अर्ध्या शब्दात नेमकी बसत. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये लिहिलेल्या सीपी/एम प्रणालीने तीन अक्षरांचे हे एक्स्टेन्शन उचलले आणि नाव आठ अक्षरांचे केले. तिच्यावरून टिम पॅटरसन यांच्या ८६-डॉसमध्ये आणि तिथून १९८१ मध्ये एमएस-डॉसमध्ये तीच पद्धत आली. डॉसच्या डिरेक्टरीत प्रत्येक फाइलसाठी ३२ बाइटची नोंद असे आणि त्यांतले पहिले अकरा बाइट नावाचे. मधला टिंब तर साठवलाही जात नसे. आज कोट्यवधी फाइलींच्या नावांमागे तीन अक्षरे दिसतात, त्यांचे मूळ १९६० च्या दशकातील त्या ३६ बिटांच्या शब्दात आहे.

मात्र डॉसच्या दृष्टीने या अक्षरांना फारच थोडा अर्थ होता. सीओएम, ईएक्सई आणि बीएटी ही तीन एक्स्टेन्शने चालवण्याजोगी समजली जात. बाकी सगळी माणसाच्या सोयीसाठी होती. पत्र उघडायचे तर आधी वर्ड प्रोसेसर चालू करायचा आणि मग त्यात फाइलचे नाव द्यायचे. फाइल आणि प्रोग्राम यांचा संबंध वापरणाऱ्याच्या डोक्यात असे, म्हणून तो मोडण्याचा प्रश्नच नव्हता.

युनिक्स घडवणाऱ्यांनी वेगळा विचार केला. नाव काहीही असो, फाइलच्या आत पहिल्या काही बाइटांत काय आहे ते पाहावे. १९७३ च्या चौथ्या आवृत्तीत ‘फाइल’ नावाचीच एक आज्ञा आली, जी आतील मजकूर तपासून प्रकार सांगत असे. ओळख पटवणाऱ्या या बाइटांना ‘मॅजिक नंबर’ म्हणतात. झिप फाइल ती रचना घडवणाऱ्या फिल कॅट्झ यांच्या आद्याक्षरांनी, म्हणजे ‘पीके’ने सुरू होते. डॉस आणि विंडोजचा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टचे अभियंते मार्क झ्बिकोव्स्की यांच्या ‘एमझेड’ने सुरू होतो. ही पद्धत फसवायला अवघड आहे, पण तिलाही मर्यादा आहेत. आजची वर्डची फाइल ही आतून झिपच असते. नुसते पहिले दोन बाइट पाहिले तर ती कागदपत्र आहे की बांधलेले गाठोडे, हे सांगता येत नाही. शिवाय प्रकार कळला तरी उघडायचे कशात, हे त्यातून ठरत नाही.

हा दुसरा प्रश्न पूर्णपणे सोडवला तो ॲपलने. २४ जानेवारी १९८४ रोजी आलेल्या मॅकिंटॉशमध्ये प्रत्येक फाइलसोबत चार-चार अक्षरांचे दोन अदृश्य संकेत साठवले जात. एक फाइलचा प्रकार सांगे, दुसरा ती निर्माण करणारा प्रोग्राम. मॅकपेंटमध्ये काढलेल्या चित्राचा प्रकार ‘पीएनटीजी’ आणि निर्माता ‘एमपीएनटी’. त्यामुळे फाइलचे नाव काहीही ठेवता येई. साध्या मजकुराच्या दोन फाइली असल्या आणि त्या दोन वेगळ्या प्रोग्रामांनी लिहिलेल्या असल्या, तर डबल-क्लिक करताच प्रत्येक फाइल आपापल्या घरी परत जाई. फाइल आणि प्रोग्राम यांचे नाते इतक्या नेमकेपणाने जपणारी दुसरी व्यवस्था नंतरच्या काळात रुजली नाही, ही खेदाचीच गोष्ट.

मॅकवरचे बिघाड दोन प्रकारचे होते. कोणत्या निर्मात्याचा आयकॉन कोणता, हे प्रत्येक डिस्कवरच्या एका लपलेल्या ‘डेस्कटॉप फाइल’मध्ये लिहिलेले असे. ती फुगली किंवा बिघडली की सगळे आयकॉन कोऱ्या कागदासारखे दिसू लागत आणि प्रोग्राम सापडत नसल्याचा संदेश येई. उपाय एकच होता: मॅक सुरू होताना कमांड आणि ऑप्शन ही दोन बटणे दाबून धरायची. मग मॅक विचारी, डेस्कटॉप नव्याने बांधायचा का? हो म्हटले की संपूर्ण डिस्क चाळून नोंदवही नव्याने लिहिली जाई. दुसरा बिघाड प्रवासातला. मॅकची फाइल डॉसच्या फ्लॉपीवरून किंवा मोडेमवरून गेली की ते अदृश्य संकेत वाटेत गळून पडत. फाइल पोहोचे, पण ती कोणाची हे कोणालाच कळत नसे. म्हणून मॅकबायनरी आणि बिनहेक्ससारखी वेष्टने तयार झाली. तरीही संकेत हरवलेच, तर रेसएडिट नावाच्या प्रोग्रामने ती आठ अक्षरे हाताने परत टाकावी लागत.

मे १९९१ मध्ये आलेल्या सिस्टिम ७ ने मॅकवर ‘एलियस’ आणला. एखाद्या फाइलचा प्रतिनिधी म्हणून दुसरीकडे ठेवता येणारा हा आयकॉन, त्याचे नाव तिरप्या अक्षरांत दिसे. मूळ फाइल हलवली किंवा तिचे नाव बदलले तरी एलियस ती शोधून काढी, कारण त्यात पत्त्याबरोबर फाइलचा स्वतःचा क्रमांकही असे. पुढच्याच वर्षी आयबीएमच्या ओएस/२ मध्ये ‘शॅडो’ म्हणजे सावली या नावाने असाच प्रकार आला.

विंडोजने ही सगळी उत्तरे उपलब्ध असताना डॉसची शेपटी कायम ठेवली. डॉसच्या फाइली चालायलाच हव्या होत्या, त्यामुळे दुसरा मार्ग फारसा नव्हता. सुरुवातीच्या आवृत्त्यांत ‘विन डॉट आयएनआय’ या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ‘एक्स्टेन्शन्स’ नावाचा एक भाग असे. तिथे एका ओळीत एक्स्टेन्शन आणि बरोबरच्या चिन्हापुढे प्रोग्रामचे नाव. बिघडले तर नोटपॅडमध्ये ती ओळ दुरुस्त करायची. एप्रिल १९९२ मध्ये विंडोज ३.१ बरोबर ‘रजिस्ट्री’ या मध्यवर्ती नोंदवहीचा पहिला, लहानसा अवतार आला. त्याच आवृत्तीच्या फाइल मॅनेजरमध्ये ‘असोसिएट’ हा पर्याय होता आणि फाइल असोसिएशन, म्हणजे फाइलच्या प्रकाराची प्रोग्रामशी जोडणी, हा शब्द वापरणाऱ्यांच्या ओळखीचा झाला.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आले आणि आजही चालते ती रचना पक्की झाली. रजिस्ट्रीतील ‘एचके क्लासेस रूट’ या शाखेत हे काम दोन पायऱ्यांत चालते. पहिल्या पायरीवर एक्स्टेन्शन असते. ‘डॉट टीएक्सटी’ची नोंद फक्त एवढेच सांगते की हा ‘टीएक्सटीफाइल’ वर्गाचा आहे. दुसऱ्या पायरीवर तो वर्ग असतो. त्याच्या आत त्याचा आयकॉन, आणि ‘शेल’, ‘ओपन’, ‘कमांड’ अशा एकात एक उपशाखांच्या तळाशी प्रत्यक्ष चालवायची आज्ञा. या आज्ञेत प्रोग्रामच्या पत्त्यापुढे अवतरणचिन्हांत टक्क्याचे चिन्ह आणि एक आकडा असतो. क्लिक केलेल्या फाइलचा पूर्ण पत्ता त्या जागी भरला जातो. ती अवतरणचिन्हे द्यायची राहून गेली, तर नावात मोकळी जागा असलेली फाइल अर्ध्यावर तुटते आणि नावातल्या नुसत्या पहिल्या शब्दाची, उदाहरणार्थ ‘माय’ नावाची, फाइल सापडत नाही, अशी तक्रार येते. नव्वदच्या दशकातल्या अनेक गूढ बिघाडांचे कारण इतके लहान होते.

विंडोज ९५ चा शॉर्टकट म्हणजे ‘एलएनके’ एक्स्टेन्शनची फाइल. हे एक्स्टेन्शन कधीच दाखवले जात नाही. आत ७६ बाइटचे शीर्षक असते आणि त्यात मूळ फाइलच्या तारखा व आकारही टिपलेला असतो. तो टिपण्यामागे दुरुस्तीचाच विचार होता. मूळ फाइल जागेवर नसली की पडद्यावर हलणारी विजेरी दिसे आणि विंडोज डिस्कवर शोध घेई. मग आकार, तारीख आणि प्रकार पाहता सर्वांत जवळची फाइल अमुक आहे, शॉर्टकट तिच्याकडे वळवायचा का, असा प्रश्न येई. हा अंदाज पुष्कळदा बरोबर निघे. कधी मात्र काढून टाकलेल्या खेळाच्या जागी कुठल्यातरी मदत-फाइलचे नाव सुचवले जाई आणि घाईत ‘येस’ दाबणाऱ्याचा शॉर्टकट कायमचा भलतीकडे जाई. २००० सालच्या विंडोज २००० मध्ये एनटीएफएस या रचनेच्या डिस्कवरच्या फाइलला स्वतःची १६ बाइटची ओळख देण्याची सोय झाली. शॉर्टकट त्या ओळखीवरून मूळ फाइलचा माग काढू लागला. मॅकच्या एलियसला हे नऊ वर्षे आधी जमत होते. पेन ड्राइव्हवर सहसा असणाऱ्या फॅट रचनेत मात्र आजही ही ओळख नसते, म्हणून तिथे जुना अंदाजच चालवावा लागतो.

या काळातला आणखी एक नित्याचा बिघाड म्हणजे टास्कबारवरचे ‘शो डेस्कटॉप’ हरवणे. ते शॉर्टकटसारखे दिसे, पण आत पाच ओळींचा साधा मजकूर असे. चुकून डिलीट झाले तर त्या पाच ओळी नोटपॅडमध्ये टाइप करून ‘एससीएफ’ एक्स्टेन्शनने सेव्ह केल्या की बटण जसेच्या तसे परत येई.

विंडोज ९५ ने ओळखीच्या प्रकारांची एक्स्टेन्शने लपवायला सुरुवात केली. नाव नीटनेटके दिसावे हा हेतू होता, पण फाइलची ओळख ज्या तीन अक्षरांवर अवलंबून होती तीच नजरेआड गेली. ४ मे २००० रोजी मनिलाहून पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ या विषाणूने याचाच फायदा घेतला. त्याच्या फाइलचे नाव टीएक्सटी आणि त्यापुढे व्हीबीएस असे दोन शेपट्यांचे होते. शेवटची शेपटी लपल्याने लोकांना ते साधे पत्र वाटले आणि लाखो संगणकांवर ते उघडले गेले. एवढे होऊनही विंडोजमध्ये एक्स्टेन्शने आजही मुळात लपलेलीच येतात. हा निर्णय तेव्हाही चुकीचा होता आणि आजही आहे.

असोसिएशनवरचा खरा हल्ला त्याच सुमारास झाला. ईएक्सई हेही एक एक्स्टेन्शनच, आणि त्याचाही ‘ईएक्सईफाइल’ हा वर्ग रजिस्ट्रीत असतो. त्याची आज्ञा सर्वांत छोटी असते: अवतरणचिन्हांत टक्के-एक, मग मोकळी जागा, मग टक्के आणि तारा. अर्थ इतकाच की जो प्रोग्राम क्लिक केला तो स्वतःच चालू दे. १९९९ मधील प्रिटीपार्क आणि जुलै २००१ मधील सिरकॅम या विषाणूंनी या आज्ञेच्या आधी स्वतःचे नाव घुसवले. सिरकॅमची प्रत रिसायकल बिनच्या फोल्डरमध्ये दडलेली असे. मग कोणताही प्रोग्राम उघडला की आधी विषाणू चाले आणि तो पुढे मूळ प्रोग्राम चालवी. वापरणाऱ्याला काही कळत नसे. कळे तेव्हा तो अँटिव्हायरस चालवून विषाणूची फाइल पुसून टाकी, आणि त्या क्षणापासून संगणकावरचा एकही प्रोग्राम उघडत नसे. आज्ञा शिल्लक होती, तिने बोलावलेली फाइल गेली होती. रजिस्ट्री दुरुस्त करणारा ‘रेजएडिट’ हाही ईएक्सईच, त्यामुळे तोही बंद.

यातून सुटण्याची युक्ती विंडोजच्या रचनेतच होती. रेजएडिटची प्रत काढून तिच्या नावाची शेपटी ईएक्सईऐवजी सीओएम करायची. सीओएमचा वर्ग रजिस्ट्रीत वेगळा असतो आणि त्याला विषाणूने हात लावलेला नसे. म्हणून नावाच्या पातळीवरची अडचण ओलांडली जाई. पुढे प्रोग्राम प्रत्यक्ष चालवताना विंडोज नाव पाहत नाही. ते पहिले दोन बाइट पाहते, आणि तिथे ‘एमझेड’ असतेच. रेजएडिट उघडला की आज्ञा मूळ रूपात लिहायची आणि संगणक मोकळा. सिमँटेक कंपनीने याच कामासाठी ‘अनहुकएक्झेक’ नावाची एक छोटी फाइल उपलब्ध केली. तिच्यावर उजवे क्लिक करून ‘इन्स्टॉल’ म्हटले की तीच दुरुस्ती आपोआप होई. रजिस्ट्रीत न जाता काम करायचे तर ‘असॉक’ आणि ‘एफटाइप’ या दोन आज्ञा होत्या. पहिली एक्स्टेन्शनला वर्ग देते, दुसरी वर्गाला आज्ञा.

या दोन पायऱ्यांच्या वर पुढे ‘यूजरचॉइस’ ही तिसरी नोंद आली. प्रत्येक वापरणाऱ्याने ‘ओपन विथ’मधून केलेली निवड तिच्यात साठते आणि ती वर्गाच्या नोंदीवर मात करते. तिच्यामुळे विंडोज ७ च्या काळात एक घबराट उडवणारा बिघाड सर्रास दिसू लागला. एखादा शॉर्टकट चालत नाही म्हणून कोणी त्याला नोटपॅड किंवा पीडीएफ वाचणारा प्रोग्राम जोडून दिला, की ती निवड एलएनके या सबंध प्रकाराला लागू होई. डेस्कटॉपवरचे सगळे शॉर्टकट एकाच आयकॉनचे होत आणि काहीही उघडले तरी तोच प्रोग्राम समोर येई. वास्तविक एकही प्रोग्राम बिघडलेला नसे. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडायचा, त्यातून रेजएडिट चालवायचा, एलएनकेखालची यूजरचॉइस पुसायची आणि परत लॉग-इन करायचे. पाच मिनिटांचे काम. पण हे माहीत नसल्याने दुरुस्तीच्या दुकानांतून ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असे उत्तर मिळे, आणि त्यात फोटो, पत्रे, हिशोब गमावण्याची वेळ येई.

विंडोज ७ मध्ये दुरुस्तीनेही कधी घात केला. त्यातील आठवड्याला चालणारी देखभाल डेस्कटॉपवर चारपेक्षा अधिक तुटके शॉर्टकट आढळले की ते काढून टाकी. ऑफिसच्या नेटवर्कशी तात्पुरता संपर्क नसलेल्या लॅपटॉपवरचे चांगले शॉर्टकटही तिला तुटकेच वाटत, आणि घरी नेलेला लॅपटॉप परत आणला की ते गायब झालेले असत.

२०१० मध्ये शॉर्टकट हेच शस्त्र झाले. बेलारूसमधील एका अँटिव्हायरस कंपनीने जून महिन्यात शोधलेला स्टक्सनेट विषाणू एलएनके फाइलमधल्या दोषातून शिरत असे. क्लिक करण्याचीही गरज नव्हती. फोल्डर उघडून विंडोजने शॉर्टकटचा आयकॉन दाखवला की पुरे. मायक्रोसॉफ्टने २ ऑगस्ट २०१० रोजी त्यावर दुरुस्ती दिली.

महाराष्ट्रातील सायबर कॅफे, झेरॉक्सची दुकाने आणि डीटीपीवाल्यांना ‘शॉर्टकट व्हायरस’ या नावाने माहीत झालेला प्रकार याहून साधा होता. पेन ड्राइव्ह लावताच आपोआप प्रोग्राम चालण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २००९ ते २०११ दरम्यान बंद केली, तेव्हा विषाणूंना माणसाच्या क्लिकची गरज पडली. पेन ड्राइव्हवरचे खरे फोल्डर लपवायचे आणि त्याच नावाचे, फोल्डरचाच आयकॉन असलेले शॉर्टकट त्यांच्या जागी ठेवायचे. शॉर्टकट दाबला की आधी विषाणू चाले आणि मग लपलेला फोल्डर उघडे. अर्जासोबतची प्रमाणपत्रे छापायला आलेल्याला एक किलोबाइटचे शॉर्टकट दिसत आणि सगळे पुसले गेल्याची धास्ती वाटे. पुसले काहीच गेलेले नसे. ‘ॲट्रिब’ या डॉसच्या काळापासूनच्या आज्ञेपुढे वजा-एच, वजा-आर, वजा-एस लिहिले की लपवल्याच्या खुणा निघत आणि फोल्डर जसेच्या तसे दिसत. त्यानंतर शॉर्टकट पुसायचे. मात्र या सगळ्याच्या आधी संगणक स्वच्छ करायचा, नाहीतर पुढच्या पेन ड्राइव्हचीही तीच गत.

तोवर भांडण वेगळ्याच मुद्द्यावर आले होते: ही नोंद बदलण्याचा हक्क कोणाचा? नवा प्रोग्राम टाकला की तो न विचारता सगळे फोटो किंवा गाणी आपल्याकडे ओढून घेई. मॅकवर ऑगस्ट २००९ च्या स्नो लेपर्डने निर्मात्याच्या संकेताकडे पाहणेच सोडले. वेगवेगळ्या प्रोग्रामांत लिहिलेल्या फाइली एकाच प्रोग्राममध्ये उघडू लागल्या आणि पंचवीस वर्षांची सवय असलेले लोक नाराज झाले. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये यूजरचॉइसला एक संरक्षक हॅश जोडला गेला. एक्स्टेन्शन, वापरणाऱ्याची ओळख, निवडलेला प्रोग्राम आणि वेळ यांवरून काढलेला हा आकडा जुळला नाही, तर विंडोज ती निवड फेटाळून स्वतःची मूळ निवड परत बसवते. यामुळे आगंतुक प्रोग्राम थांबले, तशी जुनी दुरुस्ती-साधनेही निकामी झाली. जुलै २०१५ मध्ये विंडोज १० ने अद्ययावत होताना लोकांची ब्राउझरची निवड बदलली, तेव्हा ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचे तेव्हाचे प्रमुख ख्रिस बिअर्ड यांनी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांना खुले पत्र लिहून निषेध केला. तो निषेध रास्त होता. वापरणाऱ्याने विचार करून केलेली निवड आगंतुक प्रोग्रामने बदलली काय किंवा ऑपरेटिंग सिस्टिमने बदलली काय, नुकसान त्याचेच होते.

शॉर्टकटबाबतचा अलीकडचा मोठा अपघात १३ जानेवारी २०२३ चा. मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या अँटिव्हायरसच्या एका अद्ययावत यादीमुळे, विशिष्ट सुरक्षा-नियम चालू असलेल्या कार्यालयीन संगणकांवर डेस्कटॉप, स्टार्ट मेनू आणि टास्कबारवरचे शॉर्टकट धोकादायक समजून पुसले गेले. वर्ड, एक्सेल, ब्राउझर जागेवरच होते, फक्त त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटा नाहीशा झाल्या. मायक्रोसॉफ्टने आधी नेहमीच्या प्रोग्रामांच्या यादीवरून शॉर्टकट नव्याने तयार करणारी एक स्क्रिप्ट दिली. पुढच्या आवृत्तीत तिला विंडोज आपोआप ठेवत असलेल्या डिस्कच्या जुन्या प्रतींतून पुसलेले शॉर्टकट परत काढण्याची सोय जोडली. ज्या संगणकांवर अशा प्रती ठेवल्या जात नव्हत्या, तिथे वापरणाऱ्यांनी स्वतः बनवलेले शॉर्टकट हातानेच पुन्हा तयार करावे लागले.